प्लास्टरमधला हात

"ऐका रे! संग्रहालयात आधी लांब मानेचा डायनोसॉर, मग तीन शिंगांचा, आणि अंडी सगळ्यात शेवटी!" टेबलावर चमचा आपटत ढोलने फर्मान काढलं.

"अंडी शेवटी का?" शेपूटने विचारलं.

"कारण तू अंड्यांपाशी गेलास की हलत नाहीस! मागच्या वेळी काचेला नाक लावून बसला होतास, पिल्लू कधी बाहेर येणार म्हणून!"

"मग? आलं असतं तर?"

"कोट्यवधी वर्षं नाही आलं, ते काय तुझ्यासाठी येणार होतं!"

ढोल तेरा वर्षांचा. त्याची कुजबुजसुद्धा गल्लीच्या टोकाला ऐकू जायची, म्हणून तो ढोल. त्याचा धाकटा भाऊ सात वर्षांचा. ढोल जाईल तिथे हा मागोमाग, म्हणून तो शेपूट. आणि समोर बसून गालात हसणारी त्यांची आतेबहीण म्हणजे मुंगी. ती बारा वर्षांची होती. दिसेल ती वस्तू उचलून घरात आणायची तिला सवय. सुट्टी लागली की ती मामाच्या घरी राहायला यायची.

मुंगीला आई नव्हती. मुंगी पाऊल टाकायला शिकण्याआधीच आई आजारी पडली आणि गेली. आईचे फोटो होते, पण फोटो काही बोलत नाहीत. जे बोलू शकले असते ते आजोबा, म्हणजे आईचे वडील. ते त्या विषयावर अवाक्षर काढत नसत. "आई कशी होती, आजोबा?" असं विचारलं की "चांगली होती" एवढंच म्हणायचे आणि चष्मा पुसायला आतल्या खोलीत जायचे. चष्मा पुसायला आत कशाला जावं लागतं, हे मुंगीला मोठं होता होता कळलं. तेव्हापासून तिने विचारणंच सोडलं होतं.

"मीपण येतो," खिडकीजवळच्या खुर्चीतून आवाज आला.

ढोलचा चमचा हवेतच राहिला. मामीने भांडं घासता घासता नळ बंद केला.

आजोबांनी सगळा जन्म डोंगरात जीवाश्म गोळा करण्यात घालवला होता. जीवाश्म म्हणजे काय, तर फार फार वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची हाडं, अंडी, पायाचे ठसे, जे मातीखाली दबून दगडासारखे झालेले असतात. डायनोसॉर संग्रहालयातलं सगळ्यात मोठं मांडीचं हाड आजोबांनीच खणून आणलेलं. पण मुलगी गेल्यापासून त्यांनी त्या संग्रहालयाची पायरी चढली नव्हती.

"बाबा, तुमचे गुडघे..." मामी म्हणाली.

"गुडघेच म्हणताहेत, आता नाही तर कधीच नाही," आजोबा म्हणाले आणि काठी शोधू लागले.

*

तिकिटाच्या रांगेत उभं राहून मुलं कंटाळली, तेव्हा आजोबांनी खिशातून दोन तपकिरी तुकडे काढले. "यातलं एक हाड आणि एक साधा दगड. ओळखा!"

तिघांनी उलटसुलट करून बघितलं. दोन्ही सारखेच.

"सोपं आहे," आजोबा म्हणाले. "जीभ लावायची."

"शीऽऽ!"

"धुतलेत रे! आणि रस्त्यावरचं काहीही चाटत सुटायचं नाही, आधीच सांगतो. पण हाडाला बारीक बारीक भोकं असतात. ती ओलावा ओढून घेतात, म्हणून जीभ चिकटते. दगडाला चिकटत नाही."

ढोलने डोळे मिटून जीभ लावली. "थिथकली!"

"काय?"

"थिथकली, थिथकली!" जिभेवर तुकडा लटकवून ढोल नाचायला लागला. रांगेतल्या एका बाईंनी आपल्या मुलाला जवळ ओढून घेतलं.

आजोबा हसले नाहीत. त्यांचं लक्ष आतल्या दाराकडे होतं.

आत गेल्यावर मुंगीला काहीतरी विचित्र वाटायला लागलं. लांब मानेच्या सांगाड्याखालून आजोबा मान वर न करता गेले. तीन शिंगांच्या डोक्याकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. थेट शेवटच्या दालनात जाऊन त्या मांडीच्या हाडासमोर उभे राहिले. लोखंडी आधारावर ते हाड उभं केलेलं होतं, दारापेक्षा उंच! पण आजोबा हाडाकडेही बघेनात. ते वाकून हाडाच्या मागे बघत होते, आधाराच्या खाली बघत होते, कोपऱ्यात बघत होते.

"आजोबांचं काहीतरी हरवलंय," मुंगी कुजबुजली.

"आत्ता तर आलो! एवढ्यात काय हरवणार?" ढोल म्हणाला.

तेवढ्यात आजोबांनी तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं, "याचं प्लास्टर कुठे आहे हो?"

"प्लास्टर? हाड मोडलंय की काय त्याचं?" पहारेकरी हसला. पण आजोबांचा चेहरा बघून ओशाळला आणि त्यांना कार्यालयात घेऊन गेला. मुलं अर्थातच मागोमाग!

कार्यालयात जाड मिशांचे एक साहेब बसले होते. संग्रहालयाचं सगळं भांडार त्यांच्या ताब्यात होतं. त्यांनी आजोबांना बसायला सांगितलं, पण हातातली किल्ली फिरवणं काही थांबवलं नाही.

"प्लास्टर ना? अहो, हाड इथे आलं की वरचं प्लास्टर कापायचं आणि टाकून द्यायचं. शेंगदाणा खाल्ल्यावर टरफल कोणी जपून ठेवतं का?"

"वरचं टाकलं? नक्की?" आजोबांनी विचारलं.

"शंभर टक्के! कधीच टाकलं असणार. तुम्हाला हवं कशाला ते?"

आजोबांनी काठी उचलली. "काही नाही. सहज," ते म्हणाले आणि बाहेर पडले.

"टरफलसाहेब!" दाराबाहेर येताच ढोलने बारसं करून टाकलं.

*

संग्रहालयाच्या बागेत एका बाकावर आजोबा बसले. मुंगी त्यांच्या शेजारी बसली. तिने हळूच विचारलं, "आजोबा, त्या प्लास्टरवर काय होतं?"

आजोबांनी तिच्याकडे बघितलं. मुंगीला वाटलं, आता उठून जाणार. पण ते उठले नाहीत.

"तुझ्या आईचा हात होता."

मुंगी बाकावर त्यांच्या आणखी जवळ सरकली.

"दहा वर्षांची होती ती. सुट्टीत माझ्याबरोबर डोंगरात आली होती. ते हाड मी नाही शोधलं, तिने शोधलं. ठेच लागून पडली, आणि रडायचं सोडून म्हणते कशी, 'बाबा, हा दगड नाही!' आम्ही वरची माती काढली, तर हाड तिच्यापेक्षा लांब! असं जुनं हाड नुसतं उचललं तर त्याचा भुगा होतो. म्हणून गोणपाटाच्या पट्ट्या ओल्या प्लास्टरमध्ये बुडवून त्यावर गुंडाळायच्या. मोडलेल्या हाताला डॉक्टर घालतात ना, तसंच. गोणपाट कमी पडलं, तेव्हा माझा निळ्या चौकड्यांचा शर्ट फाडला. आणि प्लास्टर ओलं असताना हिने दाबला की पंजा त्यात! मी ओरडलो, तर म्हणाली, 'मी शोधलंय, मग माझी सही नको?'"

ढोल आणि शेपूट कधी गवतावर येऊन बसले, कळलंसुद्धा नाही.

"प्लास्टर घट्ट होताना गरम होतं," आजोबा म्हणाले. "तिने हात लावून बघितलं आणि म्हणाली, 'बाबा, हाडाला ताप आलाय!'" ते थांबले. "परवा मी तिचा आवाज आठवायला बसलो. शब्द आठवले. आवाज आलाच नाही. म्हटलं, निदान हात तरी बघून यावा."

मुंगी काठीच्या टोकाकडे बघत राहिली. तिला आईबद्दल आज जेवढं कळलं होतं, तेवढं आतापर्यंतच्या सगळ्या सुट्ट्या मिळून कळलं नव्हतं. आणि तो हात कोणीतरी टरफल म्हणून फेकून दिला होता.

शेपूटला इतकी शांतता सहन होत नसे. "आजोबा, प्लास्टर कसं गुंडाळतात? मी हाड होऊ?"

"गप रे," ढोल म्हणाला.

"होऊ दे," मुंगी म्हणाली. "आजोबा, दाखवा ना."

शेपूट गवतावर पालथा झोपला. ढोलने आजोबांची शाल त्याच्या पाठीवर घातली. "हे वरचं प्लास्टर. आणि ही आत्याची सही!" फुलांच्या वाफ्यातल्या चिखलात हात बुडवून त्याने शालीवर पंजा उमटवला. मग त्याच्या लक्षात आलं. "आईला सांगायचं नाही हं कोणी!"

"आता खालची माती कोरून काढायची," आजोबा सांगू लागले. त्यांच्या आवाजात थोडी धुगधुगी आली. "आणि मग सगळे मिळून त्याला उलटं करायचं. म्हणजे उघडी बाजू वर येते. मग तिलाही प्लास्टर."

"एक, दोन, तीन!" मुंगी आणि ढोलने शेपूटला शालीसकट उताणा केला आणि त्याच्या पोटावर संग्रहालयाचा नकाशा पसरला. "झालं! बांधलं, ट्रकवर चढवलं, संग्रहालयात आलं! आता मी टरफलसाहेब!" ढोलने काल्पनिक मिशीला पीळ दिला. "वरचं प्लास्टर कापा आणि फेकून द्या!" त्याने पोटावरचा नकाशा उचलून भिरकावला. खालून शेपूट खिदळला.

मुंगी मात्र जागची हलली नाही.

"ढोल," ती म्हणाली, "सही कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? शालीवर."

"शाल कुठे आहे?"

ढोलने बघितलं. शाल शेपूटच्या खाली होती.

"हात वर नव्हताच!" मुंगी उभी राहिली. "डोंगरात तो वर होता. पण तुम्ही हाड उलटं केलंत, आजोबा! इथे येईपर्यंत तो खाली गेला! साहेबांनी जे वरचं म्हणून टाकलं, ती डोंगरातली खालची बाजू!"

आजोबांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! उलटं करूनच तर आम्ही पाठवायचो. पण माझं काम ट्रकपाशी संपायचं. इथे ते कुठून उघडतात, हे मी जन्मात बघितलं नाही!"

"मग खालचं प्लास्टर कुठे जातं?" शालीतून डोकं काढून शेपूटने विचारलं.

हाच तर खरा प्रश्न होता!

*

एका दालनाच्या टोकाला मोठी काच होती. तिच्यापलीकडे एक ताई डोळ्याला भिंग लावून दाभणासारख्या सुईने एका हाडावरची माती काढत बसायच्या. ढोलने काचेवर टकटक केलं. त्याची टकटक म्हणजे काय विचारता! ताई दचकून उठल्या आणि त्यांनी दार उघडलं.

मुंगीने एका दमात सगळं सांगितलं.

"बरोबर आहे तुझं," ताई म्हणाल्या. "खालची बाजू आम्ही टाकत नाही. हाड त्यातच ठेवून साफ करतो. त्याचाच आकार असतो ना, त्यामुळे नीट बसतं. आम्ही त्याला पाळणा म्हणतो. मांडीचं हाड उभं केल्यावर त्याचा पाळणा रिकामा झाला, तो मागच्या भांडारात..." बोलता बोलता ताईंचा चेहराच बदलला. "अगं बाई! नवीन कपाटं येणार म्हणून रिकामे पाळणे आजच बाहेर काढताहेत. सकाळी एक ट्रक गेलासुद्धा!"

पुढचं ऐकायला ढोल तिथे होता कुठे? तो सुसाट मागच्या दाराकडे निघाला होता. त्याच्यामागे मुंगी, तिच्यामागे शेपूट, आणि खूप मागून काठीचा ठकठक आवाज.

मागच्या अंगणात ट्रक उभा होता. पांढऱ्या, करड्या प्लास्टरच्या होड्यांसारख्या वस्तू त्यात एकावर एक रचलेल्या होत्या. काही फुटल्या होत्या. चालकाने इंजिन चालू केलं होतं आणि टरफलसाहेब स्वतः ट्रकची मागची फळी लावून घेत होते.

"थांबा! थांबा!" ढोल गरजला. झाडावरचे कावळे उडाले.

"ए, कोण रे तुम्ही? मुलांना इकडे परवानगी नाही!"

"साहेब, त्यात एक पाळणा आहे, त्याच्यावर हात..."

"हात-बित काही नाही! चला, बाहेर व्हा! ट्रकवाल्याला उशीर होतोय!"

ढोल हुज्जत घालायला लागला. मुंगी मात्र गप्प उभी होती. तिला एक गोष्ट कळून चुकली. आईच्या हातासाठी हे साहेब ट्रक थांबवणार नव्हते. मग ते कशासाठी थांबवतील?

तिने जमिनीकडे बघितलं. ट्रकमागे प्लास्टरचा चुरा सांडला होता. पांढरा चुरा, मातीची ढेकळं, गोणपाटाचे धागे. आणि त्यात एक तपकिरी तुकडा. नखाएवढा. मुंगीने तो उचलला, पाण्याच्या बाटलीने धुतला आणि जीभ लावली.

तिने तोंड उघडून साहेबांच्या समोर मान वर केली. तुकडा जिभेवर घट्ट बसला होता.

"हे काय आता? वेडीबिडी आहेस का?" साहेब म्हणाले.

मुंगीने तुकडा हातात घेतला. "साहेब, हे हाड आहे. तुमच्या पाळण्यातून पडलंय."

"हॅ! दगड आहे तो."

"मग लावून बघा तुम्ही जीभ!" ढोल ओरडला. "लावा ना! दगड असेल तर चिकटणार नाही!"

ट्रकचा चालक खाली उतरला. हमाल हातातलं काम सोडून बघायला लागले. साहेब मुंगीच्या तळहाताकडे आणि सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघू लागले. तेवढ्यात ताई धापा टाकत आल्या. त्यांनी भिंग लावून तुकडा बघितला.

"हाडच आहे. बरगडीचा तुकडा दिसतोय. साहेब, पाळणे भरायच्या आधी आतून कोणी तपासले होते का?"

"म्हणजे... वरवर बघितले होते..."

"वरवर!" हा आवाज वरून आला. ढोलच्या आरड्याओरड्याने वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली होती आणि संग्रहालयाच्या प्रमुख बाई खाली बघत होत्या. "इंजिन बंद करा. मी खाली येतेय. तोपर्यंत एकही वस्तू इथून हलता कामा नये!"

साहेबांच्या हातातली किल्ली पहिल्यांदाच फिरायची थांबली.

*

ताडपत्री पसरली गेली. एक एक पाळणा ट्रकमधून खाली आला. ताई आतून तपासत होत्या आणि मुंगी खालून. प्रत्येक पाळणा ती पालथा करायची आणि हात फिरवून बघायची. खडबडीत प्लास्टर. पुन्हा खडबडीत प्लास्टर. ट्रक रिकामा होत आला. मांडीच्या हाडाएवढा लांब पाळणा त्यात नव्हताच.

"सकाळच्या खेपेत गेला असणार," एक हमाल हळूच म्हणाला.

आजोबा येऊन भिंतीला टेकून उभे होते.

"हे बघ," शेपूट म्हणाला. तो ट्रकमध्ये चढून तळाशी बसला होता. त्याच्या मांडीवर सकाळच्या खेपेतून तळाशी राहून गेलेला एक फुटका तुकडा होता, परातीएवढा. "इथे कापड आहे. गोणपाट नाही."

प्लास्टरच्या तुटलेल्या कडेतून निळ्या चौकड्यांचं कापड डोकावत होतं.

मुंगी आणि ढोलने तो तुकडा खाली उतरवला. ताडपत्रीवर ठेवला. उलटा करायला कोणाचाच हात पुढे होईना. शेवटी आजोबा पुढे आले, गुडघे दुखत असतानाही खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तो तुकडा उलटा केला.

हात होता.

पूर्ण नव्हता. तळवा होता, आणि तीन बोटं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट जिथे असायला हवं होतं, तिथून प्लास्टर तुटलं होतं. पण तळव्यावरच्या रेषासुद्धा दिसत होत्या. त्यांत माती बसली होती.

"सकाळचा माल कुठे टाकला?" ढोलने चालकाला विचारलं. पहिल्यांदाच त्याचा आवाज ऐकायला कान द्यावे लागले.

चालकाने टोपी काढली. "नवीन रस्त्याच्या भरावात. वरून रोलरही फिरला असेल आता."

मुंगी खाली बसली. तिने आपला हात त्या हातावर ठेवला.

तो मावला नाही. तिची बोटं पुढे गेली. तळवा दोन्ही बाजूंनी बाहेर राहिला.

मुंगीने हात काढून घेतला आणि पुन्हा ठेवला. रात्री झोप येत नसली की ती आईच्या हाताचा विचार करायची. तिच्या मनातला तो हात मोठा असायचा, ऊबदार असायचा, तिचा अख्खा पंजा त्यात मावायचा. आणि इथे हा एवढासा हात होता.

"आजोबा," ती म्हणाली, "आई माझ्यापेक्षा लहान आहे."

आजोबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग मुंगीला जे रडू आलं ते थांबेचना. ढोलने दुसरीकडे तोंड फिरवलं. शेपूटला काय करावं कळेना. त्याने हळूच आपला हात पुढे केला. "मी ठेवू?" त्याने ठेवला. चारी बाजूंनी थोडी जागा उरली. "आत्या माझ्यापेक्षा मोठी आहे," तो म्हणाला. "थोडीशीच."

रडता रडता मुंगीने मान हलवली.

ताईंनी आपला मऊ कुंचला आजोबांच्या हातात दिला. एक एक रेष, एक एक बोट करत ते त्यातली माती झाडू लागले. मुंगी बाजूला बसून बघत राहिली.

*

प्रमुख बाईंनी सगळ्यांना आपल्या खोलीत नेलं. पाणी दिलं. टरफलसाहेब दाराशी उभे होते. ते पुढे आले आणि आजोबांसमोर हात जोडले. "मी टरफल म्हणालो हो. मला माहीत नव्हतं."

"मीच सांगितलं नाही," आजोबा म्हणाले.

"सांगायला लागायलाच नको होतं," प्रमुख बाई म्हणाल्या. "न बघता फेकायचं नाही, हे आम्ही इथे येणाऱ्या प्रत्येक मुलाला शिकवतो, आणि आज आम्हीच विसरलो. यापुढे एकही पाळणा आतून-बाहेरून बघितल्याशिवाय या दारातून बाहेर जाणार नाही." मग त्या मुलांकडे वळल्या. "तुमच्यामुळे आज एका बरगडीचे पाच तुकडे वाचले. बागेत बसून तुम्ही जे ओळखलंत, ते आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. शाबास! तुम्हाला काय हवं ते मागा."

शेपूटने अंड्यांकडे जायच्या दाराकडे बघितलं, पण ढोलने त्याला कोपर मारलं.

"बाकीची दोन बोटं," मुंगी म्हणाली. "रस्ता खणता येईल?"

बाईंच्या आधी आजोबाच बोलले.

"नाही, बाळा. तिथे आता चुराच असेल. मी इतकी वर्षं डोंगर खणले, पण मला अख्खा प्राणी एकदाही सापडला नाही. कधी पाय मिळाला, कधी जबडा. बाकीचं गेलं ते गेलं. त्याची हळहळ आयुष्यभर वाटते, ती काही जात नाही. पण म्हणून हातात आलेला पाय खाली टाकायचा नसतो."

मुंगीने आजोबांकडे बघितलं. "मग हा तुकडा सुट्टी संपेपर्यंत आमच्या घरी राहू दे," ती म्हणाली. "नंतर तो हाडाशेजारी ठेवा. हाड तिने शोधलंय."

"ठेवू," प्रमुख बाई म्हणाल्या. "आणि ते हाड कोणी शोधलं, हेही लिहू."

घरी जायच्या बसमध्ये मुंगी आणि आजोबा मागच्या बाकावर बसले. चिखल लागलेल्या शालीत गुंडाळलेला तुकडा मुंगीच्या मांडीवर होता. ढोल आणि शेपूट पुढच्या बाकावर. ढोल चक्क गप्प होता.

मुंगीने शाल थोडी बाजूला केली. आधी उजवा हात ठेवून बघितला, मग डावा.

"डावा हात आहे," ती म्हणाली.

"हो. डावाच."

"मग उजव्या हातात काय होतं?"

आजोबा खिडकीबाहेर बघत होते. दुकानं मागे पडत होती.

"संत्रं," ते म्हणाले. "अर्धं सोललेलं. खाली ठेव म्हटलं, तर म्हणाली माती लागेल. स्वतः डोक्यापासून पायापर्यंत मातीत लोळलेली, आणि संत्र्याला माती लागेल म्हणे!"

मुंगीला हसू फुटलं. "मग?"

"मग काय! प्लास्टरची बादली उचलायला दोन हात लागतात. तर तिने ते अर्धं संत्रं तसंच तोंडात कोंबलं, आणि गाल फुगवून सगळ्यांना हुकूम सोडायला लागली. कोणाला एक अक्षर कळेना!"

"ढोलवर गेली होती म्हणजे," मुंगी म्हणाली.

"मी तिच्यावर गेलोय!" पुढच्या बाकावरून ढोल गर्रकन वळला. शेपूटही गुडघ्यांवर उभा राहून मागे बघू लागला.

"आणि मग, आजोबा?"

आजोबा सांगू लागले. घराचा थांबा आला. बस थांबली, दार उघडलं, दार मिटलं, बस पुढे निघाली. चौघांपैकी कोणीही उठलं नाही.